राखाडी रेकॉर्डची दुसरी बाजू

माझ्या मेहुण्याची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी टेबलाखाली होतो. लग्न ठरून चार दिवस झाले होते. होणाऱ्या बायकोच्या घरी पहिल्यांदाच चहाला गेलो होतो, अंगात नवा कोट होता, आणि मी "साखर एकच चमचा" असं म्हणतो न म्हणतो तोच आतल्या खोलीतून आवाज आला. कसला म्हणून सांगू? शंभर बोके एका पिंपात कोंबून ते पिंप जिन्यावरून सोडावं, खाली एक विमान उभं असावं, आणि त्या विमानाच्या पोटात कळा येत असाव्यात, असला काहीतरी. कपबशा नाचायला लागल्या. भिंतीवरचं घड्याळ बहुधा दहा मिनिटं पुढे पळालं. घर कोसळतंय अशी खात्री पटून मी नव्या कोटासकट टेबलाखाली गेलो. तिथून मला आधी दोन अनवाणी पाय दिसले, मग गुडघे दिसले, आणि मग आनंदाने फुललेला एक चेहरा खाली वाकला.

"भाऊजी, खर्ज खालूनच खरा ऐकू येतो," तो म्हणाला. "जाणकार दिसता!"

या एका गैरसमजावर आमचं नातं बावीस वर्षं चाललं.

पंपाच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता. चालू मोटारीच्या बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मोटार निरोगी असली तर मान डोलवायची; आतून शीळ आली तर पिवळ्या खडूने फुली मारायची. त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाकी सगळे त्याला कानराव म्हणत. कानरावांनी फुली मारली की मोठे साहेबसुद्धा कान पाडून माघारी फिरत.

दिवसभर यंत्रांची कुरकुर ऐकून घरी आल्यावर माणसाला शांतता हवीशी वाटेल की नाही? कानराव घरी येऊन पुन्हा यंत्रंच ऐकायचा. वाद्यं बाजूला ठेवून नुसत्या तारा, बटणं आणि विजेतून संगीत काढणारी जी पहिली माणसं होऊन गेली, त्यांचा तो भक्त होता. त्यांना नावाने हाक मारणं त्याला उद्धटपणा वाटे. म्हणून त्याने त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी नाती लावली होती. खोलीभर यंत्र बसवून त्यातून पहिल्या वर्षी एकच सूर काढला, ते आजोबा. त्यांच्या मागून आलेले ते थोरले. आणि टेप कात्रीने कापून, तुकडे चिकटपट्टीने जोडून संगीत रचणाऱ्या, त्या काकू.

"आजोबांचं ते चाळीस मिनिटांचं ऐकलंत का, भाऊजी?"

"ऐकलं. सुरू कधी होतं?"

"एकोणचाळिसाव्या मिनिटाला. आधीची सगळी तयारी."

"आणि थोरले?"

"पहिले तीन अल्बम सोनं. चौथ्यात ढोल घातला." आवाज खाली आणून, घरातल्या कुणी पळून जाऊन लग्न केल्यासारखं तो सांगायचा. "यंत्राला नाचायला लावायचं म्हणजे हत्तीला सायकल शिकवण्यासारखं आहे. हत्ती बिचारा शिकतो, पण बघवत नाही."

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने पंचवीस अल्बमांची यादी क्रमाने लावलेली होती. चोवीस नावं पेन्सिलीने लिहिलेली, म्हणजे मत बदललं की खोडता यावं. पहिलं नाव तेवढं शाईने. ती काकूंची राखाडी रेकॉर्ड. वेष्टनावर ना चित्र, ना अक्षर. तिच्या दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी सगळे आवाज एकेक करून विझत जातात, आणि कानरावच्या म्हणण्याप्रमाणे त्या विझण्याखाली एक अतिशय बारीक, उंच सूर शेवटपर्यंत चालू राहतो. तो त्याला चांदीची तार म्हणायचा. "बाईने कुणाला सांगितलं नाही की कुठे लिहून ठेवलं नाही. ज्याला कान असेल त्याच्यासाठी सोडलीय." कुठल्याही मासिकात तिचा उल्लेख नव्हता. त्याने मासिकांना तीन पत्रं पाठवली, एकही छापलं गेलं नाही.

येईल त्याला तो ही तार ऐकायला बसवायचा. माझ्या बायकोने पहिल्याच वेळी सांगून टाकलं, "बाळ्या, मला फक्त तुझा श्वास ऐकू येतोय." कारखान्यातले लोक हसले. मी मात्र त्या पहिल्या दिवशी, नुकताच टेबलाखालून बाहेर आलेला, कोटाला धूळ लागलेला, काय बोलणार? मी म्हणालो, "वा! काय तार आहे!"

त्याने मला मिठी मारली. तेव्हापासून तारेचा एकमेव साक्षीदार मी होतो.

बावीस वर्षांनंतरच्या एका मंगळवारी कानरावने सकाळपासून ओळीने अकरा मोटारींवर फुल्या मारल्या.

सुपरवायझर धावत आला. "कानराव, बरं आहे ना?"

"सगळ्यांत शीळ आहे."

दुसऱ्या तपासनिसाने स्क्रूड्रायव्हर लावून बघितला. "अहो, लोण्यासारखी चालतेय."

"बंद कर," कानराव म्हणाला. मोटार बंद झाली. शीळ बंद झाली नाही.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी तो कारखान्याचे आवाज अडवणारे जाड कानटोप घालून रंगाच्या कोठारात जाऊन उभा राहिला. बाहेरचं जग बंद झालं आणि शीळ दुप्पट झाली. त्यानंतर तो शांत खोलीला घाबरायला लागला. थंडीत टेबलफॅन लावायचा, दात घासताना नळ सोडून ठेवायचा, जेवताना एकसारखा बोलायचा आणि मध्येच थांबून मान तिरकी करायचा, कुणी मागे उभं असल्यासारखा. तीन आठवडे त्याने एकही रेकॉर्ड लावली नाही. त्याच सुमारास कंपनीची सूचना निघाली: पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्या तपासनिसांची कानांची तपासणी. तो कागद त्याने खिशात इतक्या वेळा उघडला आणि मिटला की घडीवर फाटत आला.

सोमवारच्या आदल्या दुपारी तो आमच्याकडे आला. बगलेत राखाडी रेकॉर्ड, चेहरा तिच्याच रंगाचा.

"भाऊजी, तार रेकॉर्डमध्येच आहे ना?"

"आहे की!"

"तुम्हाला ऐकू येते."

"बावीस वर्षं."

"मग ठीक. कारण रेकॉर्डमध्ये नसेल, तर बावीस वर्षं ती माझ्या..." त्याचा हात कानाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा खाली आला.

लग्नात त्याने आम्हाला रेकॉर्ड प्लेअर दिला होता. त्यावर आम्ही कुंडी ठेवत असू. बायकोने मुकाट्याने कुंडी उचलली.

"शेवटची पाच मिनिटं लावतो," तो म्हणाला. "तुम्ही डोळे मिटा. तार सुरू झाली की बोट वर करा."

मी डोळे मिटले. मानेवरून घाम खाली उतरत होता. बोट लवकर वर गेलं तर पंचाईत, उशिरा गेलं तरी पंचाईत. खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, पण आवाज विझतात तो हाच भाग, अशी मी मनाची समजूत घातली. साठपर्यंत मोजलं. मग बोट वर केलं आणि, माझी मलाच लाज वाटते, मानही डोलवली.

"वा! चांदीच!"

"भाऊजी," तो म्हणाला, "सुई अजून वरच आहे."

मी डोळे उघडले. सुईचा दांडा रेकॉर्डच्या बोटभर वर, त्याच्या चिमटीत होता.

"मला मात्र ऐकू येतेय," तो म्हणाला.

"अरे, मला कधीच ऐकू आली नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी टेबलाखालीसुद्धा मी घाबरून गेलो होतो."

"खर्जासाठी नाही?"

"नाही रे."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने सुई जागेवर ठेवली, रेकॉर्ड वेष्टनात घातली आणि लहान मुलासारखं बहिणीला म्हणाला, "ताई, उद्या तू ये. मला त्या खोलीत एकटं जायचं नाही."

आम्ही दोघंही गेलो. ती खोली म्हणजे काचेची खिडकी असलेलं एक कपाटच होतं. आत खुर्ची, हेडफोन, हातात एक बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. पहिले काही सूर त्याने पटापट टिपले. मग त्याचा अंगठा बटणावर नुसता थांबला. बाहेर बसलेल्या तपासणाऱ्या बाईंनी आवाजाची कळ फिरवली, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवली. सूर वाजत होता, मोठा होत होता. आत कानराव डोळे मिटून, चेहऱ्यावर थोडं हसू ठेवून, सूर सुरू होण्याची वाट बघत होता. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

तो बाहेर आला. "सुरुवात चांगली होती," म्हणाला. "पुढे मोकळी जागा जरा जास्तच सोडलीय."

त्या बाईंनी कागदाकडे पाहिलं आणि त्याला बसायला सांगितलं.

डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं की वर्षानुवर्षं मोटारी ऐकून उंच सूर गेले आहेत आणि रिकाम्या जागेत कान स्वतःच शीळ घालतो. धोका नाही. जाणारही नाही.

"कधीपासून येते?" त्यांनी विचारलं.

कानरावने बोटांवर वर्षं मोजली. "राखाडी घेतली तेव्हापासून," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "तेव्हा कारखान्यात लागून दोन वर्षं झाली होती."

त्याची बदली पॅकिंगला झाली. त्या अकरा मोटारी विकल्या गेल्या; एकही परत आली नाही. कपाटातल्या यादीत शाईची पहिली ओळ खोडलेली आहे. राखाडी रेकॉर्ड आता सहावी आहे, पेन्सिलीने.