कागद हातात न घेण्याचे दिवस

ठण्, ठण्... रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या हातोडीनं ठोकत दादा, म्हणजे माझे वडील, घराकडे येत. तो आवाज आज सकाळपासून कानात घुमतोय.

मित्रांनो, नातवाला आज कंपनीची मेल आली. कपातीच्या धास्तीनं तो ती उघडेचना. सगळे हसले, मला हसू आलं नाही. तुम्हाला आलं असतं?

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा नगरजवळच्या आमच्या रेल्वे चाळीत बातमी आली, रूळ दुरुस्त करणाऱ्या दोन गँगांची एक करणार, उरलेल्यांना काढणार. नोकरीबरोबर खोलीही जाणार. चाळीची समजूत एकच, कमी केल्याचा कागद हातात घेतला नाही तर हुकूम लागू होत नाही! म्हणून भरदिवसा दारांना कड्या.

एका दुपारी दार वाजलं. दादा कणगीमागं लपले.

"कविता म्हण मोठ्यानं," आई कुजबुजली. "पोरगं एकटंच हाय वाटंल."

शाळेतल्या इतक्या कविता पाठ, पण भीतीनं एक ओळ आठवेना.

"वैनी, उघडा. मी हाय."

आईनं कडी काढली. दारात दादांच्या गँगचे मुकादम. त्यांना कोण काढणार, असं सारे म्हणत. डोक्यावर ट्रंक, मागं बायको.

"म्या घेतला कागद, वैनी," ते म्हणाले. "चार दिस ठिवून घ्याल का?"