वास माझा, चहा तुमचा

चहाचा कप हातात घ्यायचा, नाकाशी धरायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि कप भरलेलाच परत द्यायचा, ही काळोखे मामांची रीत होती. नव्या माणसाला वाटे, दूध नासलं की काय. मग मामा म्हणत, “वास माझा, चहा तुमचा. गार व्हायच्या आत प्या.”

मामा मूळचे रहाटणीचे. संत तुकाराम नगरात आमच्या शेजारी राहत. आम्ही एकाच कंपनीत होतो, ते पेंट शॉपमध्ये, मी स्टोअरमध्ये. पंचेचाळिशीत त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हा, म्हणजे एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास, डायलिसिस हा शब्द आमच्या कॉलनीत कुणी ऐकलेलाही नव्हता. खर्च कंपनीने उचलला आणि मामा मंगळवारी व शुक्रवारी पुण्याला मशीनवर जाऊ लागले. लघवी जवळजवळ बंद होती. प्यायलेलं पाणी अंगातच साठायचं, ते काढणार पुढच्या वेळचं मशीन. म्हणून दिवसाला तीन कप, आणि चहा, ताक, आमटीचा रस्सा, सगळं त्यातच.

“लोकांना पगार पुरत न्हाई, मला पानी पुरत न्हाई,” असं ते हसून सांगत. मामींनी स्वयंपाकातलं मीठ जवळपास बंद केलं, तशी तहानही मवाळ झाली. अगदीच घसा सुकला तर मामा चूळ भरून टाकत किंवा लिंबाची फोड चोखत.

तहानेपेक्षा त्यांना भीती होती माणसांच्या मायेची. एकदा भावाच्या नातवाच्या बारशाला गेले. प्रत्येक जण म्हणाला, “एका घोटानं काय होतंय, मामा?” तसे पुष्कळ एकेक घोट झाले. संध्याकाळी त्यांना आडवं पडता येईना, दम लागला, आणि ठरलेल्या दिवसाआधीच मशीनवर न्यावं लागलं. वजन साडेचार किलोंनी वाढलं होतं. एरवी दोन खेपांमध्ये अडीचच वाढायचं.

त्याच वर्षी मे महिन्यात सुलभाचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न ठरलं. नेमका रविवार, शुक्रवार ते मंगळवार या लांबच्या टप्प्याच्या मधोमध. डॉक्टर म्हणाले, “बारशासारखं झालं तर मांडवातून थेट इकडे यावं लागेल. कन्यादान भावाला करू द्या. तुम्ही घरी पंख्याखाली बसा.”

“पोरीला अक्षता काय खाटंवरनं टाकू?” मामा म्हणाले. “मी मांडवातच ऱ्हानार. पानी कसं टाळायचं ते माझं मी बघतो.”

लग्नाला मी होतो. कन्यादान मामांनी स्वतः केलं. पंगत बसली तशी त्यांनी बाह्या सारल्या आणि पाण्याचा जग हातात घेतला. मी म्हटलं, “मामा, अहो, उन्हात हे कशाला?”

“भाऊ, जग ज्याच्या हातात, त्याला पी म्हनायचं कुनाच्या ध्यानात येत न्हाई. तुमचा पेला पुढं करा.”

खरंच तसं झालं. दोन पंगती त्यांनी पाणी वाढलं. शेवटी स्वतः बसले, जिलेबी खाल्ली आणि आपला राखून ठेवलेला अर्धा कप तेवढा प्यायले.

मग चाकणचे व्याही सरबताचा पेला घेऊन आले. सगळे बघत होते. “व्याहीबुवा, आमच्या हातचं घेतल्याबिगर सोडनार न्हाई.” मामांनी पेला घेतला, वास घेतला आणि परत दिला. व्याह्यांच्या मागे उभ्या मंडळींत कुजबुज झाली. सुलभा मान खाली घालून उभी होती.

मामा शांतपणे म्हणाले, “तुमचं सरबत मला प्यायचंय. आज प्यालो तर लेकीला निरोप द्यायला उभा ऱ्हानार न्हाई. मंगळवारी मशीनवर बसल्यावर पहिल्या तासात डॉक्टर एक कप घेऊ देतात. पन आनून द्यायला तुमी स्वतः यायला पायजे.”

व्याही पेला घेऊन निघून गेले.

मंगळवारी सुट्टी घेऊन मी मामांबरोबर गेलो. नर्सने काट्यावर उभं केलं. वजन दोन किलोंपेक्षा थोडं कमीच वाढलं होतं. लांबच्या टप्प्यात एवढं कमी पूर्वी कधीच आलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, “लग्नात जेवलात की नाही?”

“जेवलो. जिलेबी पन खाल्ली. अन् दोन पंगतींना पानी पाजलं.”

डॉक्टरांनी काटा स्वतः पुन्हा पाहिला.

पुढे मामा आणखी चार वर्षं जगले. सुलभाच्या मुलाच्या बारशातही जग त्यांच्याच हातात होता. आज मामा नाहीत, पण आठवण काढली की मला तो मंगळवारच दिसतो. मशीन सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. दारात पांढरी टोपी दिसली. चाकणचे व्याही बगलेत थर्मास धरून चपला काढत होते.

“कितीक प्यायची परवानगी हाय?” त्यांनी नर्सला विचारलं आणि तेवढंच मापून ओतलं.

मामांनी कप नाकाशी धरला, डोळे मिटून वास घेतला. मग सावकाश, एकेक घोट जिभेवर फिरवत, सगळं सरबत प्यायले आणि रिकामा कप व्याह्यांच्या हातात दिला.