सासूबाईंचं मिरचीचं बी

परवा कुंडीत लसूण लावताना बोटांना वास लागला आणि सासूबाई आठवल्या. त्यांचं चिरनेरचं शेत विकल्यावर तिथल्या मिरचीचं उरलेलं मूठभर बी त्यांनी आमच्या पनवेलच्या गच्चीसाठी आणलं, ओल्या फडक्यात बांधलं. सडू नये म्हणून मी हुशारीने ती पुरचुंडी फ्रिजमध्ये ठेवली. "जावयबापू, बी हाय, कोथिंबीर नाय! त्याला ऊब लागते. तुमी आपले लसूण लावा, तो कोणाच्याबी हातानं येतो." पुरचुंडी कमरेला खोचून त्या आठ दिवस बाजारात, लग्नात, देवळात हिंडल्या. कोंब आले! निम्मी रोपं त्यांनी शेत घेणाऱ्याच्या बायकोला नेऊन दिली. मी चिडलो, तर म्हणाल्या, "मिरचीला तिची माती नको?" एवढं मोठं मन करणं माझ्याच्याने आजही होत नाही.