पुढची सीट

शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीत जानेवारीच्या सकाळी समोरचं घरसुद्धा दिसत नाही. धुक्यातून आधी मुलांचा खोकला ऐकू यायचा, मग ई-रिक्षाचा पिवळा दिवा तरंगत यायचा. रिक्षावाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. खोकणाऱ्या मुलाला तो पुढे आपल्याशेजारी बसवायचा आणि स्वतःचा मफलर त्याला गुंडाळायचा.

शाळेच्या पहिल्या वर्षी माझा नातू कायम तिथेच. सर्दी गेली की ताप, ताप गेला की पुन्हा सर्दी. डॉक्टर म्हणाले, प्रतिकारशक्ती अशीच तयार होते. मला पटेना.

"कल से नहीं आएगा, स्कूल छुड़वा रही हूँ," मी एकदा रिक्षावाल्याला सांगून टाकलं.

त्यानं मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथे चार मुलं घसा ताणून गात होती.

"ये सब इसी सीट से पीछे गए हैं, आंटी. बुखार हो तो घर रखिए, वरना दो रुमाल देकर भेजिए."

मी दोन रुमाल दिले.

यंदा नातू मागे बसून गातो. पुढे एक नवी मुलगी शिंकत असते. काल तिची आई धुक्यात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हिला शाळेतून काढून घेऊ का हो, काकू?"

मी पिशवीतला जादाचा रुमाल तिच्या हातात ठेवला.