चौथा पेड रिबनचा

आमच्या घरी कुणी दृष्ट काढायला मिरच्या जाळल्या, तर खिडक्या उघडून सगळ्यांना लेक्चर देणारी बाई आहे मी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून ‘हिला काय, सगळीकडे भुतंच दिसतात’ असं कुणी म्हणायला नको.

मी मूळची अकोल्याची. नवरा बँकेत, म्हणून सुरतेत आलो. नवागामजवळच्या एका मिशनच्या शाळेत मी पहिलीला शिकवते. वर्गातली निम्मी मुलं कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांची.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, लूमही बंद... माणसं बोचकी घेऊन पायीच गावाकडे निघाली होती. तेव्हा आमच्या सिस्टर आन्सींनी शाळेच्या शेडमध्ये चूल मांडली. रोज खिचडी, येईल त्याला. मी जवळच राहते, म्हणून मदतीला जायला लागले. पहिल्याच दिवशी कांदा चिरता चिरता सिस्टर म्हणाल्या, “टीचर, बाल खिचडी में गिरेगा. इधर बैठो.” आणि मला गेटजवळच्या बाकावर बसवून वेणी घालून दिली. मग ते रोजचंच झालं.

त्यांची वेणी चारपेडी असायची — तीन पेड केसांचे आणि चौथा लाल रिबनचा, अगदी शेवटपर्यंत गुंफलेला. शाळा चालू असताना मुलींनाही गेटवर पकडून त्या अशीच वेणी घालायच्या. मला काही ती जमली नाही. सगळं माझ्या पाठीमागे चालायचं, दिसणार काय? जरा वळले की डोक्यात टपली. “हिलना मत.”

खरं सांगू? मी चौथीत असताना माझी आई गेली. त्यानंतर मायेनं कुणी माझे केस विंचरले नव्हते. चाळिशीची बाई मी, पण त्या बाकावर बसायला मिळावं म्हणून सकाळी लगबगीनं निघायचे.

दुसऱ्या लाटेत सिस्टर गेल्या. हॉस्पिटलमध्ये भेटू दिलं नाही, दफनालाही जाता आलं नाही. एकदा नीट बघायलाही मिळालं नाही त्यांना.

शाळा पुन्हा भरायला लागली तेव्हा परभणीकडची मुक्ता माझ्या वर्गात आली. तिला आई नाही. बाप रात्रपाळी करून तिला तसाच सोडायला यायचा, तिचे केस पिंजारलेले. मुली चिडवायच्या, मग ती शाळेत यायचंच नाही म्हणून रडायची. मी आपली साधी वेणी घालून द्यायचे.

एका सोमवारी ती जरा उशिरा आली आणि पाठमोरी होऊन दप्तर ठेवायला लागली. मी हजेरी घेता घेता थांबले. दोन वेण्या. दोन्हींत तीन पेड केसांचे... आणि चौथा रिबनचा.

“मुक्ता, वेणी कुणी घातली गं?”

“गेटवरच्या बाईनं.”

“कोणत्या बाईनं?”

“बाकावर बसतेत त्या. त्यांच्या हाताला कांद्याचा वास येतो. हलू बी देत नाहीत.”

वर्ग तसाच टाकून मी गेटवर गेले. बाक रिकामा. वॉचमनकाका म्हणाले, “कोई नथी, बेन. छोकरी सीधी अंदर गई.” शाळा सुटल्यावर बापाला गाठलं. तो म्हणाला, “गेटपाशी सोडलं तवा नुसतं रबर होतं, मॅडम. मला कुठं येतेत वेण्या?” स्टाफमध्ये सगळ्यांना विचारून झालं. ती वेणी कुणालाच येत नाही.

मला भीती वाटली नाही. राग आला. पोरीला भेटलात, मग मला का नाही? त्या एवढ्याशा मुलीचा मला हेवा वाटला, अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी मी न विंचरताच निघाले. नवरा म्हणाला, “अगं, केस?” म्हटलं, “तिकडे गेल्यावर बांधते.” बाकावर जाऊन बसले, रिबन मांडीवर. प्रार्थनेची घंटा झाली, तरी कुणी आलं नाही. मुक्ता मात्र आली, रबर लावलेली.

“टीचर, त्या बाई नाहीत आज?”

“नाहीत गं.”

“मग उद्या येतील,” ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी तिला माझी तीनपेडीच घातली.

तशी वेणी त्यानंतर कुणाच्याच डोक्यावर दिसली नाही. मुक्ता आता रडत नाही, हसत येते. त्या सकाळी काय झालं, मला आजही सांगता येत नाही, आणि कुणी समजावून सांगितलं तरी पटेल असं वाटत नाही. पण अजूनही सोमवारी मी केस मोकळे ठेवून लवकर येते आणि त्या बाकावर बसते. मागे वळून बघत नाही. सिस्टरना हललेलं चालत नाही.