निरोगी बाळाच्या गालावरचे ठिपके

“ह्या पोराला तर देवी आल्यात!” रांगेतल्या पहिल्या बाईनं भिंतीकडे बोट दाखवलं. “लस टोचून असं व्हतं? मंग नको गं बाय!”

कडेवरचं मूल सावरत ती वळली. तिच्यामागे अख्खी रांग वळली.

भिंतीवरचं ते पोर मीच रंगवलं होतं. पुरुषभर उंच, गुटगुटीत. खाली अक्षरं: ‘मी लस टोचून घेतली. मला देवी येणार नाहीत.’

साठच्या दशकातली गोष्ट. मी आरोग्य खात्यात आर्टिस्ट होतो. देवीच्या लसीचा प्रचार जोरात होता आणि कशेळ्याच्या दवाखान्याची भिंत माझ्या वाट्याला आली होती. आर्ट स्कूलमध्ये असताना मी फ्रान्समधल्या ठिपकेवाल्या चित्रकारांच्या प्रेमात पडलो होतो. त्यांची पद्धत सोपी आहे. लाल आणि पिवळा एकत्र कालवला की नारिंगी होतो, पण जरा मळकट. तेच लाल-पिवळे ठिपके शेजारी शेजारी दिले, तर लांबून आपला डोळाच त्यांचा नारिंगी करतो, आणि तो कसा झळझळीत दिसतो! खात्याचे सपाट रंगांचे बोर्ड रंगवून मी कंटाळलो होतो. बाळाच्या गालांवर मी गुलाबी, पिवळे आणि सावलीत निळे ठिपके दिले. अगदी मनसोक्त.

डॉक्टर फडके बाहेर आले. त्यांनी मोकळं अंगण पाहिलं, भिंत पाहिली, मग मला पाहिलं.

“हे काय आहे?”

“सर, यात रंग वेगवेगळे ठेवतात.”

“मला तर ही देवीची केस वाटते. चुना मारा.”

“लांबून बघा ना, सर. रस्त्यापलीकडून.”

“चित्र तिकडून बघायचं आणि लस इकडे टोचायची? चुना!”

शिपाई चुना कालवायला गेला. मी धावत रस्ता ओलांडला. ती पहिली बाई, सोनूबाई, चिंचेखाली एसटीची वाट बघत होती.

“मावशी, इथनं एकदा बघा.”

तिनं मान वळवली. “अगं बाय! बरा झाला की रं!”

ती भिंतीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मग बाजाराला आलेले सगळेच तसं करू लागले. एक आजोबा उलटे चालत चालत कोंबड्यांच्या खुराड्यावर बसले. केवढा कलकलाट झाला!

गर्दी झाली खरी, पण सगळी चिंचेखाली. लस घ्यायला कोणी हलेना. शेवटी डॉक्टर स्वतः आले. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मग कंपाउंडरला ओरडले, “टेबल इकडे आणा!”

पोरं चित्राकडे बघत आणि तेवढ्यात दंडाला लस टोचली जाई. मग भोकाड. सोनूबाईनंही पोराचा दंड पुढे केला. “टोचा. पन पुढल्या वेळी नीट रंगव रं बाबा. माजं काळीज धसकलं.”

दुपारपर्यंत लस संपली. कर्जतहून आणखी मागवावी लागली.

पुढच्या महिन्यात मोठे साहेब तपासणीला आले. जीप भिंतीला लागूनच थांबली. साहेब उतरले, नाकासमोर पाहिलं आणि म्हणाले, “बाळ आजारी आहे.”

“सर, जरा रस्ता ओलांडता का?” डॉक्टर म्हणाले.

“वेळ नाही.”

चुना मारला गेला. दुसरं बाळ मी एकाच रंगात काढलं. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. साहेबांना मात्र ते आवडलं.

त्यानंतर कुठलीही भिंत रंगवायला घेतली की मी आधी विचारायचो, “साहेबांची जीप कुठे थांबते?”