वादी दयका: पळ की माघार?

बाबांना मस्कतचे मॉल दाखवून झाले, तरी त्यांचं एकच पालुपद, "डोंगर दाखव गं." म्हणून शुक्रवारच्या सुट्टीत वादी दयका धरणाला जायचं ठरवलं; वादी म्हणजे इथली डोंगरातली नदी. नवरा सोहारच्या कारखान्यात शिफ्टवर, तेव्हा गाडी मीच चालवली. शेजारी बाबा, साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. मागे तेरा वर्षांची माझी लेक, इरा.

आम्ही राहतो त्या अल अमेरातहून कुरियातच्या रस्त्याने आम्हाला सव्वा तास लागला. धरणापर्यंत डांबरी रस्ता आहे, साधी गाडी आरामात जाते. वाटेत पंपावर करक, म्हणजे इथला वेलदोड्याचा कडक दुधाळ चहा घ्या आणि पोळी-भाजी बरोबर ठेवा, पुढे काही मिळेलच असं नाही.

इराला शाळेत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली एक लढाई मांडायची होती. आजोबांना ती आपल्या इंग्रजी मिसळलेल्या मराठीत सांगत होती. "इंग्रज लोक रात्री डोंगरामधल्या रस्त्यातून राउंड जाऊन मागून आले. तिथे गार्डच नव्हते. मग अमेरिकन्सनी... आई, रिट्रीट म्हणजे?"

समोर ट्रक होता. "पळ काढला," मी सांगून मोकळी झाले.

बाबा धरण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, गाडी लागली असेल.

वरच्या बागेतून हिरवं पाणी आणि भोवतीचे उघडे, तपकिरी डोंगर दिसतात. हिवाळ्यातसुद्धा सकाळीच पोचा, नंतर ऊन भाजून काढतं. आम्ही सावलीत चटई टाकली. बाबांनी अर्धी पोळी खाल्ली आणि चटईवर खडे मांडायला घेतले.

"पळ न्हवं," ते इराला म्हणाले. "पळणारा बंदूक टाकतो. ही माघार. हुकूम होतो, जखमी आधी निघतात, मग बाकीचे. आन् कुणीतरी मागं थांबतं, गोळी चालवत."

"हो, माझ्या लढाईत पण थोडे लोक थांबले. मोस्टली मेले."

"आमच्यात सदा थांबला."

बाबा सरहद्दीवर लढले, एवढंच आजवर आम्हाला ठाऊक होतं.

"दुश्मन असाच वळसा घालून आला. थांबायची पाळी माझी. सदा म्हणाला, तुझं लगीन ठरलंय, तू निघ. मी निघालो."

"मग त्याला घ्यायला गेलात?"

"दुसऱ्या दिशी. खांद्यावर आणला. जिता न्हवता." त्यांनी खडे गोळा केले. "त्याच्या बहिणीला हे अजून सांगितलं न्हाई. आपल्या गावापासनं दोन तासांवर गाव तिचं. पन्नास वर्सं झाली, पाय उचलला न्हाई."

मला रडू आवरेना. ज्या लग्नासाठी ते निघाले, त्याच लग्नाची मी मुलगी, आणि मीच माघारीला पळ म्हणाले होते. तसं बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "गाडी काढ आता. ऊन चढलं."

धरणाचे फोटो चांगले आलेत, पण अजून कुणाला पाठवावेसे वाटले नाहीत. घरी आल्यावर बाबांनी माझ्या भावाकरवी त्या बहिणीचा नंबर मिळवला. फोन लावला, तेव्हा ते उभे राहूनच बोलले. सदाचं नाव घेतलं, थांबायची पाळी माझी होती एवढं म्हणाले आणि नुसते ऐकत राहिले.

"फोनवर नको म्हणाली," ते फोन ठेवत म्हणाले. "घरी या, समोर बसून सांगा."

महिनाभर राहायला आलेल्या बाबांचं तिकीट मी येत्या शुक्रवारचं करून घेतलं. इरा हिरमुसली.

"राहा ना अजून, आजोबा."

"लई वर्सं वाट बघितली तिनं," बाबा म्हणाले आणि बॅग भरायला गेले.